गचांडी धरण्याआधी नंबर वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. सायकलचोर समजून लोकांनी एका पोराला रस्त्यात अडवलं, दोन-चार ठेवून दिल्या, आणि मागाहून कळलं की सायकल त्याच्या आत्तेभावाचीच होती, विचारून आणलेली. बातमी तिथंच संपली. मला मात्र ती वाचल्यापासून चैन नाही, कारण असाच एक पोरगा माझ्याही खात्यावर जमा आहे.

मी सायकली दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. चोरीची सायकल कधी ना कधी आमच्यासारख्याच्या हाताखालून जातेच. कुलूप उचकटताना चाकाच्या तारा वाकलेल्या असतात, नव्या माणसाच्या उंचीला सीट जमत नसते, आणि पंक्चर तर काय, चोरालाही चुकत नाही. त्यामुळे 'ही चोरीची तर नसेल?' हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी पडतो. तुमच्या वाचकांनाही पडत असणार. आपली गेलेली सायकल एक दिवस दुसऱ्याच कुणाच्या बुडाखाली दिसते. जिन्याखाली महिनाभर एक अनोळखी सायकल उभी असते. मोबाईलवर जुन्या मालाच्या जाहिराती चाळताना ओळखीचा रंग दिसतो आणि छातीत धस्स होतं. तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवत नाही. मी चुका करून शिकलो, म्हणून आधी चूकच सांगतो.

पावसाचे दिवस होते. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा गिअरची सायकल ढकलत घेऊन आला. फ्रेम चांगल्या कंपनीची, पण अख्ख्या फ्रेमवर काळा स्प्रे मारलेला, आणि तोही घाईत. ब्रेकच्या केबलवर रंग, चेनच्या कड्यांवर रंग, कंपनीच्या नावावर तर दोन थर. पुढची रिम चंदेरी, मागची काळी. सीट त्याच्या मापापेक्षा चार बोटं उंच. "मागचा ब्रेक लागत नाही," म्हणाला. मी विचारलं, "कुणाची रे?" "माझीच." "कधी घेतली?" त्यावर गप्प. मान खाली.

झालं! मी सायकल ओढून आत घेतली आणि म्हणालो, "घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये, मग मिळेल." आवाज चढला होता. बाहेर चार माणसं थांबली. त्यातल्या एकानं पोराची कॉलर धरली. मी त्याला 'सोड' म्हणालो नाही. हे लिहिताना आजही हात अडखळतो.

मग सायकल उलटी केली. पायडलची दांडी ज्या आडव्या नळकांड्यातून आरपार जाते, ज्याला आम्ही बीबी म्हणतो, त्याच्या पोटाला चिखल आणि ग्रीसचा थर होता. रॉकेलच्या चिंधीनं पुसला तर खाली नंबर, स्वच्छ, एकही आकडा न दुखावलेला. स्प्रे तिथवर पोचलाच नव्हता. चोरीची सायकल पचवायची असेल तर माणूस सगळ्यात आधी नंबर घासून टाकतो. या पोराला सायकलला नंबर असतो हेच ठाऊक नव्हतं. मी वही काढली.

या वहीबद्दल दोन शब्द. माझ्या वस्तादांची सवय होती, ओव्हरहॉलिंगला आलेल्या प्रत्येक सायकलचा फ्रेम नंबर, रंग, मालकाचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची. काम सुरू करण्याआधी, हात काळे व्हायच्या आत. तीच सवय मला लागली. अकरा वह्या झाल्या आहेत. त्यातल्या एकीच्या पानावर दोन वर्षांपूर्वीच्या तारखेला हाच नंबर होता, पुढे 'निळी' असं लिहिलेलं, आणि मालकाचं नाव होतं त्या मुलाच्या मामाचं. म्हणजे ही सायकल मीच उघडली होती, मीच बांधली होती, आणि काळा रंग बघून ओळखली नव्हती. पुढचं चाक मोटारीखाली सापडलं म्हणून भंगारातलं बसवलेलं. गंज दिसू नये म्हणून स्प्रे पोरानं स्वतःच्या हातानं मारलेला. सीट मामाच्या मापाची, कारण तिचा बोल्ट गंजून बसला होता आणि त्याच्याकडून हलत नव्हता. आणि 'कधी घेतली' याला तो गप्प बसला, कारण मामा वारल्यावर ती त्याच्याकडे आली होती आणि ते चार माणसांत सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

ब्रेक करून दिला, सीट उतरवून दिली, पैसे घेतले नाहीत. तो परत कधी माझ्याकडे आला नाही.

आता कुणी म्हणेल, मग संशयच घेऊ नये का? घ्यावा की. मी अजूनही घेतो. कापलेल्या कुलपाचा तुकडा फ्रेमला लटकतोय, नंबरच्या जागी कानशीचे ओरखडे आहेत, माणूस गिअर टाकताना चाचपडतोय आणि सायकल मात्र शर्यतीची आहे, विजेवर चालणारी सायकल विकायला आली आहे पण चार्जर नाही आणि बॅटरीची किल्लीही नाही, अशा गोष्टी एकत्र दिसल्या की मी सावध होतो. त्यातही घासलेला नंबर मी सगळ्यात वजनदार मानतो. बाकी प्रत्येक गोष्टीला सरळ कारण असू शकतं, पण नंबरवर कानस मारायला मला अजून तरी सरळ कारण सापडलेलं नाही. पण संशय आला म्हणून माझं काम एवढंच की नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि ज्याचं काम आहे त्याला कळवायचं. सायकल अडवून ठेवणं हे माझं काम नव्हतं. त्या दिवशी तो मुलगा माझ्यावर तक्रार घेऊन गेला असता तर मला काय उत्तर होतं?

नंबर कसा वाचायचा ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच निम्मी माणसं घसरतात. बहुतेक सायकलींना तो बीबीच्या खाली ठोकलेला असतो. तिथं नसेल तर सीटच्या नळीवर खालच्या अंगाला, हँडलखालच्या नळीवर, नाहीतर मागच्या चाकाचा आस ज्या पट्टीत बसतो तिथं बघा. कार्बनच्या फ्रेमवर ठोका मारता येत नाही, म्हणून तिथं नंबर बारीक पट्टीवर किंवा लॅकरखालच्या स्टिकरवर असतो. जाड रंगानं आकडे बुजले असतील तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, आकडे कागदावर उठतात. आणि डोळ्यांनी वाचून लिहू नका, फोटो काढा. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांत भल्याभल्यांची गल्लत होते.

सायकलवरचा प्रत्येक आकडा म्हणजे फ्रेम नंबर नव्हे, हेही सांगायला हवं. पायडल ज्या दांड्याला बसतं त्या क्रँकवर 170 असं असतं, ती क्रँकची मिलीमीटरमधली लांबी. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, त्यांनी तक्रारीत सायकलचा नंबर म्हणून 37-622 लिहून दिला होता. तो टायरचा साइझ! असा 'नंबर' असलेल्या सायकली जगात लाखोंनी आहेत. त्या तक्रारीवर कुणी सायकल शोधून आणून दिली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

आणि नंबर घासलेला दिसला तर तुम्ही पॉलिश पेपर घेऊन 'बघू तरी' म्हणून अजिबात घासू नका. पंच मारताना आकड्याच्या खालचा धातूही आतपर्यंत दाबला जातो. वरून आकडा दिसेनासा झाला तरी तो दाबलेला भाग शिल्लक असतो, आणि प्रयोगशाळेत आम्ल लावून तो पुष्कळदा पुन्हा उठवता येतो. तुम्ही आणखी खोल घासलंत तर तेही गेलं.

आता प्रत्यक्ष प्रसंग. एक ताई, रोज सायकलनं कामाला जाणाऱ्या, एक दिवस धापा टाकत माझ्याकडे आल्या. दोन महिन्यांपूर्वी गेलेली त्यांची सायकल वाचनालयाबाहेर उभी होती. घंटीला डाव्या बाजूला पोचा, हँडलच्या रबराला ब्लेडचा काप, सगळं जुळत होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आपलं कुलूप लावा तिला म्हणजे हलणार नाही. हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मला तो पटत नाही, निदान नंबर वाचायच्या आधी तरी नाही. सायकल तुमची निघाली तर ठीक, नाही निघाली तर तुम्ही एका परक्या माणसाची सायकल अडवून ठेवलीत. आणि ती चोराच्याच हातात असेल तर परत आल्यावर त्याला कुलूप दिसतं, तो गुपचूप निघून जातो, आणि तो कोण हे कधीच कळत नाही.

आम्ही दोघं गेलो. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली बसलो आणि मोबाईल सायकलच्या पोटाखाली धरला. फोटोत नंबर नव्हता. त्या जागी एक इंचभर चकचकीत पट्टा होता आणि त्यावर नखाला लावायच्या पॉलिशसारखा काहीतरी लाल रंग. मग लांब जाऊन उभे राहिलो आणि पोलीस ठाण्याला फोन लावला. सायकल कुठं उभी आहे, कुठल्या रंगाची, कुलूप लावलेलं आहे की नाही, नंबर घासलेला आहे, आणि ताईंच्या आधीच्या तक्रारीचा क्रमांक. हा शेवटचा क्रमांक फार कामाचा. तक्रारच नसेल तर पोलिसांच्या दृष्टीनं ती सायकल चोरीला गेलेलीच नसते, मग तुम्ही कितीही छाती पिटा. चोरी डोळ्यांसमोर चालू असेल, कुणी कटर घेऊन बसला असेल, तर आणीबाणीच्या नंबरवर फोन करायचा. नुसती उभी सायकल दिसली तर ठाण्याला कळवलेलं पुरतं.

पोलीस यायच्या आत सायकलवाला बाहेर आला. साठीतला माणूस, पिकलेले केस, काखेत दोन पुस्तकं. ताई पुढं निघाल्या. मी त्यांच्या पिशवीचा बंद धरला. पूर्वीचा मी असतो तर त्यांच्याही पुढं धावलो असतो. तो सावकाश कुलूप उघडून निघून गेला आणि आम्ही बघत राहिलो. वेळ आणि कुठल्या दिशेला गेला ते लिहून घेतलं. ताई माझ्यावर इतक्या चिडल्या होत्या की आठवडाभर बोलल्या नाहीत.

पण वाचनालयात जाणारा माणूस पुस्तकं परत करायला येतोच. पोलिसांनी त्याला पुढच्या आठवड्यात तिथंच गाठलं, शांतपणे. त्यानं ती जुनी म्हणून एका अनोळखी माणसाकडून विकत घेतली होती. बिल नाही, काही नाही, पण विकणाऱ्याचा मोबाईल नंबर होता. बिचारा घाबरून अर्धा झाला होता. विचार करा, ताईंनी त्या दिवशी त्याची गचांडी धरली असती तर? सायकलवर बसलेला माणूस आणि चोर यांत पुष्कळदा दोन-तीन व्यवहारांचं अंतर असतं. चोराचा पत्ता त्याच्याकडूनच लागायचा असतो, म्हणून त्याला शत्रू करून चालत नाही.

तरी ठाण्यात पेच उरलाच. नंबर नाही, ताईंकडे बिल नाही, आणि घंटीला पोचा काय कुणाच्याही असतो. मला बोलावलं. मी पाना घेऊन गेलो, सीटचा बोल्ट सैल केला, सीट दांड्यासकट उपसून काढली, लांब चिमट्यानं आतला चिंधीचा बोळा ओढला. त्याच्यामागून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी आली, विडीएवढी. टेबलावर उलगडली. निळ्या बॉलपेननं माझ्या अक्षरात ताईंच्या नावाची अक्षरं, तारीख, आणि वही सात, पान बेचाळीस. मी वही सोबत नेलीच होती. हवालदारानं पान उघडून बघितलं, मग पुन्हा सायकलच्या नळीत डोकावून बघितलं, आत अजून काही आहे का म्हणून!

ही चिठ्ठीची युक्ती घरच्या घरी जमते, त्याला माझी गरज नाही. सीटचा दांडा काढायचा, चिठ्ठी फ्रेमच्या नळीत सरकवायची, बोळा घालून अडवायची म्हणजे ती बीबीत घरंगळत नाही. सीट बदलली तरी चिठ्ठी फ्रेममध्येच राहते.

एक गोष्ट मात्र ताई विसरल्या असत्या, म्हणून मी आठवण केली. सायकल मिळाली की तक्रारीतही तशी नोंद व्हायला हवी. नाहीतर कागदोपत्री ती चोरीचीच राहते, आणि उद्या कुणी तुम्हालाच तुमच्या सायकलवरून उतरवतं. आपली सायकल दिसली म्हणून परस्पर उचलून घरी आणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तुमच्या लेखी तो न्याय असतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला तुम्ही दुसऱ्याचं कुलूप तोडणारे दिसता, आणि तोही कदाचित हेच पत्र वाचून पोलिसांना फोन लावेल.

कुलूप तोडण्यावरून आठवलं. "किल्ली हरवली, जरा कापून द्या," म्हणून महिन्यातून एकदा तरी कुणी येतं. कुलूप कापणारा म्हणजे चोरच असं समजू नका, बऱ्याचदा तो बावळट असतो, एवढंच. उलट किल्लीनं शांतपणे उघडणारा साव असेलच असंही नाही. 2004 साली जगभर बोभाटा झाला होता की गोल किल्लीची काही महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिक नळीनं उघडतात. मी तेव्हा एक पेन वाया घालवून बघितलं. उघडलं. म्हणून माझा नियम वेगळा आहे. कटर हातात घेण्याआधी मी माणसाला म्हणतो, मी सायकलकडे बघायच्या आत मला तिच्याबद्दल असं काहीतरी सांगा जे उभ्या उभ्या दिसत नाही. नंबर सांगा, सीटखाली काय आहे ते सांगा, सायकलसोबतचा तुमचा जुना फोटो दाखवा. मालक असतो तो बोलायला लागला की थांबत नाही. "मागच्या चाकाची एक तार नवीन आहे, व्हॉल्व्हजवळची," असं एका आजोबांनी सांगितलं होतं. बघितलं तर खरंच. जो मालक नसतो तो चिडतो.

हाच नियम सापडलेल्या सायकलीलाही लावा. जिन्याखाली, कुंपणाला, बागेच्या कोपऱ्यात हवा गेलेली सायकल दिवसेंदिवस पडून असते. चोरून, वापरून, टाकून दिलेल्या सायकली अशा पुष्कळ असतात. आधी इमारतीत विचारा, कुणी गावाला गेलेलं असू शकतं. कुणाचीच नसेल तर फोटो, नंबर आणि ठाण्याला खबर. 'पावसात भिजतेय, घरी नेऊन ठेवतो' हा चांगुलपणा अंगाशी येतो, कारण दुसऱ्याची वस्तू न कळवता घरी नेणं यालाही नाव चोरीचंच लागतं. आणि लोकांना कळवायचं झालं तर सगळं छापून मोकळे होऊ नका. 'एक लाल सायकल सापडली आहे' एवढंच पुरे. नंबर, सीटचा रंग, कॅरिअरची वाकलेली पट्टी हे झाकून ठेवा. ज्याची असेल तो सांगेल.

मोबाईलवरच्या जाहिरातीत आपली सायकल दिसली तर सगळ्यात मोठा मोह होतो तो 'ही माझी आहे, चोरा!' असं लिहून पाठवायचा. ते पाठवलंत की पाच मिनिटांत जाहिरात गायब. त्याऐवजी पानाचे फोटो काढून ठेवा, विकणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं दिसेल असे. फार तर साध्या गिऱ्हाइकासारखं विचारा, फ्रेमचा साइझ काय, खालच्या बाजूचा फोटो पाठवता का. मग ते घेऊन ठाण्यात जा. एकट्यानं भेटायला जाऊ नका, आगाऊ पैसे तर मुळीच नाही. जुनी सायकल घेणाऱ्यांनीही तोच खालचा फोटो मागावा. साधा विकणारा कुरकुरत का होईना, पाठवतो.

नंबर घेऊन तपासायचा कुठं, हा प्रश्न उरतो. काही देशांनी याची व्यवस्था लावली आहे. जपानात 1994 पासून सायकलची नोंदणी मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, फ्रेमवर नोंदणीचं स्टिकर असतं आणि पोलीस रस्त्यात थांबवून तो क्रमांक पडताळतात. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलवर ओळख क्रमांक उमटवलेला असावाच लागतो. नेदरलँड्समध्ये फ्रेम नंबर टाकून सायकल चोरीची म्हणून नोंदलेली आहे का हे कुणालाही बघता येतं. कुठल्याही एका देशापुरती नसलेली बाईक इंडेक्स नावाची नोंदवहीही आहे, 2013 साली सुरू झालेली, ना-नफा तत्त्वावर चालणारी. तिथं नोंद करणं आणि नंबर शोधणं दोन्ही फुकट. या सगळ्यांचा पाया मात्र एकच, मालकानं नंबर आधी लिहून ठेवलेला हवा. पोलिसांच्या आवारात सायकली गंजत पडतात त्या सगळ्या काही कुणाला नको असतात म्हणून नव्हे. त्या आपल्याच आहेत हे सांगता येईल असं मालकाकडे काही नसतं. माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या दहांतल्या आठांना मी नंबर विचारला की ते रंग सांगतात.

आपल्याकडे एक मागणं आहे. आपण 'हरवले-सापडले'च्या रकान्यात पाकिटं, कागदपत्रं, पाळलेले पोपटसुद्धा छापता. तिथं गेलेल्या सायकलींनाही दोन ओळी द्या. कंपनी, रंग आणि फ्रेम नंबर, पण नंबरचे शेवटचे तीन आकडे वगळून. ते मालकाजवळ आणि पोलिसांजवळ राहू द्या. माझ्यासारखे दुरुस्तीवाले रोज सकाळी पेपर वाचतात, काम सुरू व्हायला तासभर असतो. सुरुवातीचे आकडे जुळले तरी आम्हाला फोन लावायला पुरेसे आहेत. आणि उरलेले तीन कोण सांगतो त्यावरून पुढचं ठरेल.

आणखी एक. आपल्या बातमीतल्या पोराची सायकल त्या झटापटीत कुणीतरी उचलून नेली का, की त्याला तिथंच परत मिळाली, हे बातमीत नाही. वार्ताहरांना विचारून कळवता आलं तर बरं होईल.

आपला,
एक सायकल दुरुस्त करणारा
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे. छापू नये.)